विटाळासुराचे तोंड

शेषराव गुरुजींना चामडे हवे आहे, या बातमीने मांडवखेडला पहिला धक्का बसला. ते चामडे पायात घालण्यासाठी नसून तोंडावर घालण्यासाठी आहे, या बातमीने दुसरा बसला. आणि तो इतका जबर होता की पहिला आपल्याला बसलाच नव्हता असे सांगणारे लोकही गावात निघाले. मांडवखेड हे धाडच्या अलीकडे दोन कोसांवरचे गाव. धक्के बसण्याची त्याला मुळीच सवय नव्हती. दुष्काळ आले, पटकी आली, मुंबई राज्य मोडून महाराष्ट्र झाला. या सर्व घटना गावाने पारावर बसून, विडी विझू न देता ऐकल्या. परंतु घरात ग्रंथांची दोन कपाटे बाळगणाऱ्या एका कुणबी मास्तराने स्वतःच्या हातांनी कातडे कापून ते स्वतःच्या तोंडाला लावावे, हे ऐकताना निदान तीन विड्या विझल्या. अशी नोंद त्या पारावरच्या इतिहासात दुसरी नाही.

हेतू उदात्त होता. उदात्त हेतूंची या देशात टंचाई कधीच पडली नाही. टंचाई पडते ती पाण्याची. जिल्हा परिषद होऊन पुरते वर्ष उलटले नव्हते. त्या भागात आठवीचा वर्ग एकाच गावाला मिळायचा होता, आणि मांडवखेडप्रमाणे देऊळखेडनेही अर्ज केला होता. शिक्षण समितीचे सभापती चैत्रात दोन्ही गावांना भेट देऊन निवाडा करणार होते. अकरा वर्षांत गुरुजींनी मुलांच्या अकरा तुकड्या आठवीच्या उंबरठ्यापर्यंत आणून सोडल्या होत्या, आणि जूनमध्ये त्याच मुलांना गुरांमागे व त्याच मुलींना चुलीपुढे पाहिले होते. दर जूनमध्ये गुरुजी आठ दिवस शाळेच्या दुसऱ्या वाटेने जात. पहिल्या वाटेवर ती गुरे चरत. यंदा आठवी मिळाली नाही, तर तिसरी वाट शोधावी लागणार होती, आणि मांडवखेडला तिसरी वाट नव्हती.

सभापती सुधारक म्हणून प्रसिद्ध होते. देऊळखेडने लेझीम बसवले. गुरुजींनी नाटक लिहिले: ‘विटाळासुरवध’. अस्पृश्यता हाच एक महाभयंकर असुर, आणि समतावीर नावाचा धीरोदात्त नायक शेवटच्या प्रवेशात त्याचा संहार करतो. नाटक गावाला फार आवडले. अस्पृश्यता नाटकात मरत असेल, तर कोणाचीच हरकत नव्हती. समतावीराची भूमिका सरपंच रामरावांनी स्वीकारली, कारण रंगमंचासाठी लागणाऱ्या बैलगाड्या त्यांच्या होत्या आणि जरीचा फेटाही त्यांचाच होता. विटाळासुर व्हायला मात्र कोणी तयार होईना. शेवटी तो गुरुजींनीच व्हावे असे ठरले.

इथपर्यंत सर्व सुरळीत होते. कागदाच्या लगद्याचा मुखवटा करून त्याला काजळ फासले असते, तर ही कथा इथेच संपली असती आणि वाचकाचा वेळ वाचला असता. पण गुरुजी पुष्कळ वाचलेले होते. ज्या वस्तूचा विटाळ मानला जातो, त्याच वस्तूचे विटाळासुराचे तोंड असावे, ही कल्पना त्यांना सुचली. आणि ती इतकी सुंदर वाटली की तालमीच्या सभेत त्यांनी ती जाहीर करून टाकली. “मुखवटा चामड्याचा होईल, आणि तो मी स्वतः माझ्या हातांनी करीन.” विद्वान माणसालाही आपली चूक कळते, फक्त ती जाहीर केल्यानंतर कळते.

चामडे कोठून आणायचे, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर गुरुजींना शाळेतच सापडले, आणि ते सापडायला नको होते. शाळेत दुसरे गुरुजी होते गुलाबराव. बौद्ध वस्तीतले, मोजके बोलणारे, अक्षर मोत्यासारखे. मधल्या सुटीत शेषरावांनी खुर्ची जवळ ओढली आणि उपकार मागताना माणूस जो आवाज काढतो तो काढला.

“गुलाबराव, तुमच्या वस्तीत एखादा जुना तुकडा... चामड्याचा... असेलच की.”

गुलाबरावांनी हातातली वही पूर्ण तपासली, खाली सही केली, तारीख घातली.

“गुरुजी, ते काम आमी छप्पन साली सोडलं. मांगच्या वैशाखात रामरावांचा बैल नाल्यात चार दिवस पडून होता. वास तुमच्या घरापावतर आला असंल. त्या बैलालेच इचारून पायजा होतं.”

शेषरावांना जबर धक्का बसला. आपण अस्पृश्यतेवर नाटक लिहिले आहे हे या गृहस्थाला ठाऊक असूनही तो असे बोलतो, याचा तो धक्का होता. आपल्या प्रश्नात काही वावगे होते, असे त्यांना त्या क्षणी वाटले नाही. ती केवळ माहितीची चूक होती, अशी त्यांनी मनाशी नोंद केली आणि ते राजमार्गाने जायला निघाले. राजमार्ग म्हणजे सरकारी कचेरी.

तालुक्याला चामडे कमावणाऱ्यांची एक सहकारी संस्था होती. तिच्या कारकुनाने गुरुजींना नमुना अर्ज दिला. त्यात ‘पिढीजात धंदा’ असा रकाना होता. गुरुजींनी त्यात ‘शेती व अध्यापन’ असे लिहिले.

कारकून चष्मा कपाळावर चढवून म्हणाला, “गुरुजी, हे नाई चालत. चामडं मेंबरालेच भेटते, अन् मेंबर पिढीजात लागते.”

“मला मेंबर व्हायचं नाही. एक हात चामडं हवं आहे.”

“मंग पिढीजात व्हा.”

“ते कसं होणार?”

“तुमी काळजी नका करू. दाखल्यासाठी मी ग्रामपंचायतीले लिहितो. दाखला आला का झालं.”

सरकारी यंत्रणा मंद असते हा समज किती अन्यायाचा आहे, याची प्रचीती चौथ्याच दिवशी आली. ग्रामपंचायतीच्या टपालातून खाकी पाकीट निघाले आणि रामरावांनी ते चावडीवर मोठ्याने वाचले: “अर्जदार शेषराव हे पिढीजात चामड्याचा धंदा करणारे आहेत किंवा कसे, याबाबत आपल्या सहीशिक्क्यानिशी दाखला द्यावा.” संध्याकाळपर्यंत बातमी वेशीबाहेर गेली. दुसऱ्या दिवशी लोणारकडून गुरुजींचे सासरे आले. ते ओसरीवर टेकले नाहीत. उभ्या उभ्या मुलीला एवढेच म्हणाले, “मनकर्णा, लग्नात आमाले हे सांगतलं नव्हतं,” आणि परतीच्या एसटीने गेले. पंचवीस कोस धूळ खात आलेला तो माणूस घोटभर चहासाठीही थांबला नाही.

राजमार्ग असा बंद झाला. उरला धाडचा आठवडी बाजार. तेथे दयाराम नावाचे वृद्ध कारागीर जोडे शिवत बसत. गुरुजींनी त्यांच्यापुढे कागदावर काढलेले असुराचे चित्र पसरले: फेंदारलेले नाक, बाहेर आलेले सुळे, कपाळावर तीन आठ्या. दयाराम बराच वेळ चित्राकडे आणि मग गुरुजींकडे बघत राहिले.

“चाळीस वर्सं झाली गुरुजी, तुमच्या गावाचे पाय मोजून राह्यलो. तोंडाचं माप द्याले तुमीच पयले आले.”

“करता येईल ना?”

“मी करतो की. दोन बाजारांत देतो.”

“नाही नाही, मी स्वतः करणार. तुम्ही फक्त सांगा.”

दयारामांनी सुस्कारा सोडला. तो हौशी माणसापुढे कसबी माणसाने आजवर सोडलेल्या सर्व सुस्काऱ्यांसारखाच होता. त्यांनी बाभळीच्या सालीत कमावलेला एक मऊसूत तुकडा दिला, कापायला एक जुनी रापी आणि शिवायला आरी उसनी दिली, आणि बजावले: “कापून, शिवून झालं का रातभर भिजू घाला. मंग घड्यावर चढवा, नाक-डोये दाबून आकार द्या, अन् तसंच वाळू द्या. चामडं वाळलं का आकसते. जे आत असंल त्याले धरते. म्हून घड्यावर. ध्यानात ठेवा, घड्यावर.”

गुरुजींनी ते ध्यानातच नव्हे, वहीत ठेवले. पुढचे पंधरा दिवस त्यांनी रापीने बोटे आणि मधूनमधून चामडे कापले. सुळे शिवले, डोळ्यांना भोके पाडली, मागे बांधायला ओल्या कातड्याच्या दोन वाद्या लावल्या. सभापती येण्याच्या आदल्या दिवशी तो मुखवटा रॉकेलच्या रिकाम्या डब्यात भिजत पडला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता गुरुजी घडा मागायला माजघरात गेले.

माजघरावर गुरुजींच्या विधवा आत्याचे, गोजरबाईंचे राज्य होते. त्या पाण्याच्या रांजणापुढे पाट टाकून बसल्या होत्या. खाकी पाकीट आल्या दिवसापासून त्या तेथून फारशा उठल्याच नव्हत्या.

“शेषा, माह्या घड्याले ते चामडं लागलं तर घडा फोडा लागंल. चैताच्या महिन्यात घडा फोडतं का बे?”

“आत्या, जुना चालेल. गळका.”

“गळका झाला म्हून काय तो बाटत नाही?”

हा प्रश्न तर्कशुद्ध होता आणि गुरुजींना तर्काचा आदर होता. लोटा, तपेली, उखळ, पाटा, सर्वांच्या बाबतीत हेच उत्तर मिळाले. रॉकेलचा डबा निर्विवाद बाटलेला होता, पण चौकोनी होता; चौकोनी डोक्याचा असुर त्यांच्या वाचनात नव्हता. सर्व बाजूंनी विचार करता, विटाळल्यावर फोडावी लागणार नाही अशी एकच गोल वस्तू त्या घरात शिल्लक होती. ती त्यांच्या खांद्यांवर होती. गुरुजींनी ओला मुखवटा स्वतःच्या तोंडावर चढवला, वाद्या डोक्यामागे घट्ट बांधल्या, आणि आकार लवकर यावा म्हणून ते अंगणात उन्हात जाऊन बसले.

बुलढाणा जिल्ह्यातील चैत्राच्या उन्हाबद्दल लिहिण्याची गरज नाही. ज्यांनी पाहिले त्यांना ते ठाऊक आहे आणि ज्यांनी पाहिले नाही ते सुखी आहेत. दहा वाजता नाक उत्तम आले होते. साडेदहाला आठ्या उमटल्या. अकराला गुरुजींनी मुखवटा काढायला हात लावला, तेव्हा चामड्याने त्यांना धरले होते. जबडा हलेना. वाद्यांच्या गाठी बाभळीच्या गाठींसारख्या झाल्या होत्या. मनकर्णाबाई अंगणात आल्या, त्यांनी पाहिले, आणि त्यांच्या हातातले सूप खाली पडले.

“आवं... हे तुमीच हाये ना?”

विटाळासुराने मान हलवली. आतून केवळ “म्म” असा ध्वनी आला.

गोजरबाईंनी विळा पुढे केला. “काप ते!” गुरुजींनी दोन्ही हातांनी तोंड झाकून नकार दिला. मुखवटा कापला म्हणजे नाटक गेले, नाटक गेले म्हणजे आठवी गेली, आणि जून तर दीड महिन्यावर होता. चामडे पुन्हा भिजवणे हाच उपाय होता, आणि भिजवायला घटकाभर पाण्याची धार हवी होती. रांजणापुढे आत्या होत्या. मनकर्णाबाईंनी पदराआडून दोन लोटे आणून ओतले. तेवढे पाणी त्या चामड्याने तहानलेल्या माणसासारखे पिऊन टाकले आणि ते होते तसेच राहिले. आतला माणूस सकाळपासून खरोखरच तहानलेला होता, परंतु सुळ्यांमधून थेंब आत जात नव्हता.

शेवटी गुरुजी रामरावांच्या मळ्याकडे निघाले. वाटेत एक म्हैस दावे तोडून पळाली आणि दोन भाविक मारुतीच्या देवळात शिरले. मळ्यातल्या विहिरीवर मोट चालू होती आणि ती जिथे रिकामी होते ते दगडी थारोळे पाण्याने भरले होते. मोटेवर कडूबा नावाचा गडी होता. गुरुजींनी थारोळ्यावर ओणवे होऊन तोंड बुडवायला मान खाली घातली, तोच रामरावांचा आवाज आला.

“गुरुजी! थांबा! हे काय करून राह्यले? सारं गाव पेते हे पानी!”

पाराची सर्व मंडळी मागोमाग आली होतीच. गुरुजींना बोलता येत नव्हते. त्यांनी हात उंचावून विहिरीच्या तोंडाकडे बोट दाखवले. त्याच क्षणी मोट वर आली: एका अख्ख्या बैलाच्या कातड्याची, काळी, ठिबकणारी मोट. तिने आपले पाणी थारोळ्यात ओतले आणि ती पुन्हा विहिरीत गेली.

कडूबा म्हणाला, “गुरुजी म्हनते का मोटबी चामड्याचीच हाये.”

गेल्या कित्येक पिढ्यांत ही गोष्ट कोणी मोठ्याने उच्चारली नव्हती.

रामराव सावरले. “मोटंची गोष्ट येगळी. मोट जनमभर पान्यातच राह्यते. तिचा इटाळ धुऊन गेला.”

“अन् मोट बैल वढते,” एक वृद्ध म्हणाले. “बैल म्हनजे देव.”

“शिवाय मोटंचं चामडं आपल्या घरच्या बैलाचं. गुरुजीचं बजारचं. कोनाच्या ढोराचं असंल, काय मालूम?” तिसऱ्याने भर घातली.

“मंग मी आखी मोट गुरुजीच्या डोक्शावरच रिकामी करतो,” कडूबा म्हणाला. “चामड्यावर चामडं. पानी मधात कोठी लागतच नाही.”

या तोडग्यावर गंभीर विचार झाला. परंतु ते पाणी पाटातून देवळाच्या फुलझाडांना जात असे. अखेर धाडला माणूस पाठवून तेथील शास्त्र्यांचे मत घ्यावे, असे बहुमताने ठरले. शास्त्री संध्याकाळच्या एसटीने येऊ शकले असते. या निर्णयाला समतावीराने अनुमोदन दिले. भर उन्हात, भरलेल्या थारोळ्यापासून दोन हातांवर, विटाळासुर तहानेने बुबुळे फिरवत उभा होता.

तेवढ्यात सायकलची घंटा वाजली. गुलाबराव आले होते. त्यांनी जमाव पाहिला, थारोळे पाहिले, असुर पाहिला. जे घडले होते ते त्यांना कोणी सांगावे लागले नाही.

“दीड वाजला गुरुजी. चार वाजता सभापतीची जीप येते. आमच्या विहिरीवर चला. तिथं सभा भरत नाई.”

वस्तीतली विहीर वस्तीनेच खोदली होती. गुलाबरावांच्या पत्नी बेबीताईंनी प्रश्न विचारले नाहीत. “बसा. मान मांगं करा,” एवढे म्हणून त्यांनी तोंडावर ओले फडके अंथरले आणि वरून बालदीमागून बालदी ओतली. फडके, पाणी, फडके, पाणी. अर्ध्या तासाने चामड्याच्या कडा उचलल्या. तासाने वाद्यांच्या गाठी बोटांनी सुटल्या. मुखवटा अखंड निघाला. सोबत गुरुजींच्या डाव्या मिशीचा काही भागही निघाला. तोंडावर बाभळीच्या सालीचा तांबडा रंग चढला होता. गुरुजींनी तोंड उघडून जो श्वास घेतला, तो वस्तीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेला.

बेबीताईंनी भांडे पुढे केले. “घोटभर पानी घ्या. सकायपासून तोंड बंद हाये तुमचं.”

गुरुजींनी हात पुढे केला. तो अर्ध्या वाटेवर थांबला.

तो फार वेळ थांबला नाही. डोळ्याची पापणी लवायला लागतो तेवढाच. आणि गुरुजींनी तो थांबवलाही नव्हता. हात आपला आपण थांबला, दोन कपाटांतल्या एकाही ग्रंथाला न विचारता. हेच पाणी तासभर त्यांच्या डोक्यावरून, कानांतून, नाकातोंडातून वाहिले होते आणि हाताने तक्रार केली नव्हती. भांड्यातून मात्र त्याने केली. गुरुजींनी आपल्या हाताकडे पाहिले. त्या दिवशी गावाला बसलेले सर्व धक्के एकत्र केले, तरी त्यांची बेरीज या एका धक्क्याएवढी झाली नसती.

बेबीताईंनी ते पाहिले होते. चेहऱ्यावर काही न दिसू देता त्यांनी भांडे कठड्यावर ठेवले. “राहू द्या. उशीर होते तुमाले.” गुलाबरावांनी मुखवटा फडक्यात गुंडाळला आणि सायकल काढली.

नाटक झाले. मुखवट्याची वादी बांधायला कोणी पुढे येईना म्हणून ती गुलाबरावांनी बांधली. शेवटच्या प्रवेशात समतावीराने विटाळासुराला मानगुटीला धरून लोळवायचे होते; पण चामड्याला हात लागू नये म्हणून रामरावांनी चार हातांवरूनच लाकडी तलवार फिरवली आणि असुराला स्वतःच्या सोयीने मरून पडावे लागले. सभापतींनी भाषणात दिग्दर्शनाची स्तुती केली: सत्प्रवृत्तीला दुष्टाचा स्पर्शही नको, हे फार सूचकतेने दाखवले आहे. आठवी मांडवखेडला मिळाली. गुरुजींना हार घातला गेला. तो रामरावांनी लांबूनच फेकला आणि नेमका गळ्यात पडला.

दुसऱ्या दिवशी गुरुजी गुलाबरावांच्या घरी गेले. बाजेवर बसले. आठवीच्या बाकांविषयी बोलणे झाले. बेबीताईंनी चहा दिला. गुरुजींनी तो लगबगीने, जवळजवळ हिसकावून घेतला. पाणी कोणी दिले नाही. तिसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले. शेंगा आल्या, चहा आला, पाणी आले नाही. चौथ्या दिवशी गुरुजी तासभर बसले. ऊन होते. घसा कोरडा पडला होता. इतक्या ग्रंथांत इतक्या विषयांवर वाचलेल्या त्या माणसाला एक वाक्य जुळवायला तेवढा वेळ लागला.

“बेबीताई, पाणी पाहिजे होतं.”

बेबीताई ज्वारी पाखडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“माठ तिथं हाये, गुरुजी. घ्या.”

गुरुजी उठले. माठावरचे झाकण काढले, भांडे बुडवले आणि उभ्यानेच प्याले. पाणी गार होते. भांडे परत ठेवायला ते वळले.

“तसं नका ठेवू,” बेबीताई म्हणाल्या. “धुऊन ठेवा. आमच्या घरचे पेतात त्याच्यातून.”

गुलाबराव वहीत डोके घालून बसले होते. त्यांनी पान उलटले. गुरुजी भांडे घेऊन दाराबाहेर गेले, राखेच्या ढिगापाशी उकिडवे बसले आणि त्यांनी ते धुतले. मग आणून दाखवले. बेबीताईंनी ते उन्हात धरून पाहिले आणि परत दिले. गुरुजींनी ते पुन्हा धुतले.